तेरवीला न येणारे आमदार

आमच्या आमदारसाहेबांना निवेदन द्यायचं तर आधी जीभ बाहेर काढावी लागत असे. हे मी रंगवून सांगत नाही. रस्त्याचं निवेदन असो, विजेची डीपी जळाल्याची तक्रार असो की कुणाच्या बदलीचं गाऱ्हाणं असो, माणूस समोरच्या खुर्चीवर टेकला की साहेब कागदाकडे न बघता म्हणायचे, "जीभ दाखवा." मग डोळ्याची खालची पापणी ओढायची, मनगट धरायचं, आणि त्यानंतर विचारायचं, "हां, आता सांगा. काय होऊन राह्यलं?"

एकदा जिल्ह्याला नवे कलेक्टर आले. दुसऱ्या राज्यातले, तरुण, मराठी अजून नीट न येणारे. सौजन्यभेटीला साहेबांच्या घरी आले, पुष्पगुच्छ दिला, बसले, आणि साहेब म्हणाले, "जीभ दाखवा." कलेक्टरसाहेबांना वाटलं, इकडे स्वागताची अशीच पद्धत असेल. त्यांनी काढली. त्यांचं बघून शेजारच्या तहसीलदारांनीही काढली, आणि तहसीलदारांचं बघून मागे उभ्या असलेल्या मंडळ अधिकाऱ्यानंही. तिघं तशा अवस्थेत असताना फोटोग्राफरनं बटण दाबलं. तो फोटो पेपरात जाऊ नये म्हणून मी किती जणांच्या विनवण्या केल्या ते माझं मला ठाऊक. साहेबांचं त्यावर म्हणणं एवढंच, "कलेक्टर पाणी कमी पेते. सांग त्याले."

मी सुभाष. डॉ. मुरलीधर वाकोडे आमदार होते तितकी वर्षं मी त्यांचा पीए होतो. मला राजकारणातलं कळतं असं तालुक्यात मानलं जायचं, म्हणून पक्षाच्या लोकांनी मला त्यांच्यामागे लावलं. "डॉक्टर भोळा माणूस आहे, जरा सांभाळ," असं सांगितलं. सांभाळता सांभाळता माझ्या डोक्यावरचे केस गेले आणि रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ती गोळीही साहेबांनीच लिहून दिली. ज्यांच्यामुळे चढला त्यांनीच उतरवायचा, असा आमचा व्यवहार.

ते राजकारणात आले तेही दवाखान्यातूनच. तिकीट घ्या म्हणून पक्षाचे एक वजनदार नेते त्यांच्याकडे गेले होते. साहेबांनी नेत्यांचा हात हातात घेतला, नाडी बघितली आणि त्यांना ॲडमिट करून टाकलं. नेते सलाईन लावून पडले आणि पडल्या पडल्या साहेबांचं मन वळवत राहिले. साहेब रोज सकाळ-संध्याकाळ राउंडला यायचे आणि रोज नाही म्हणायचे. शेवटी सुटी देताना नेते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही एक दवाखाना चालवता. अख्खा मतदारसंघ आजारी आहे, त्याचं काय?" हे वाक्य नेत्यांनी सहज टाकलं होतं. पण आमच्या साहेबांनी ते शब्दशः घेतलं, आणि तिथून पुढचं सगळं माझ्या नशिबी आलं.

लोकसेवेबद्दल साहेबांची मतं होती. सगळ्याच आमदारांची असतात, पण ती भाषणात ठेवायची असतात हे इतरांना माहीत असतं. साहेब म्हणायचे, "उद्घाटन म्हणजे ऑपरेशन. ऑपरेशन कोणीबी करते. टाके कोण काढणार?" त्यामुळे ज्या कामाची फीत कापली त्या कामावर काही दिवसांनी परत जायचं, असा त्यांनी नियम केला. त्याला ते फॉलो-अप म्हणत. मी त्याला डोकेदुखी म्हणत असे.

एका गावात पाण्याच्या योजनेचं उद्घाटन झालं. साहेबांनी नळ सोडला, पाणी आलं, टाळ्या झाल्या, बुंदी वाटली गेली. आठवड्यानं साहेब घरून स्टीलचा पेला घेऊन निघाले. मी विचारलं, "पेला कशाला?" म्हणाले, "पाणी पेयाले." नळ कोरडा होता. साहेब नळासमोरच्या लिंबाखाली बसले. मी हात जोडून सांगितलं की आज दुपारी बुलडाण्यात पक्षाचे प्रभारी येत आहेत, आपण पहिल्या रांगेत दिसलो पाहिजे. "मले तहान लागली आहे," साहेब म्हणाले आणि पेला मांडीवर घेऊन बसून राहिले. इंजिनिअर धावत आला. त्यानं दुकानातून बाटलीबंद पाणी आणलं. साहेबांनी बाटली हातात घेतली, तारीख वाचली आणि बाजूला ठेवली. ऊन उतरलं तेव्हा कुठे नळ खोकला आणि तांबूस पाणी आलं. साहेबांनी पेला भरला आणि इंजिनिअरपुढे धरला. "आधी तुमी घ्या." त्या गावाला आजही पाणी येतं, हे खरं आहे. पण प्रभारींच्या स्वागताच्या फोटोत आमची खुर्ची रिकामी दिसते हेही खरं आहे, आणि वरच्या लोकांनी बघितलं ते दुसरंच.

लग्नांना मात्र ते जायचे, आणि न जाते तर बरं झालं असतं. आमच्याकडे आमदारानं लग्नात काय करायचं असतं? अक्षता टाकायच्या, वरबापाला मिठी मारायची, फोटो काढायचा आणि पुढच्या मांडवात जायचं. साहेब स्टेजवर चढले की नवऱ्या मुलीसमोर थबकायचे. धाड गावच्या एका लग्नात त्यांनी हजार माणसांपुढे नवरीची पापणी खाली ओढली आणि मांडवात स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिच्यात रक्त नाही. काऊन उभी केली इतका वेळ? बसवा तिले." माइक चालू होता. सासरच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. नवरीची आई रडायला लागली. तिथून मी साहेबांना अक्षरशः दंडाला धरून खाली आणलं. महिन्याभरानं ते तिच्या सासरी जाऊन तिचं रक्त तपासून आले हे मला ड्रायव्हरकडून कळलं.

हेही मी सोसलं असतं. पण तेरवीचं काय करायचं?

बाहेरच्या वाचकाला म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्यात निवडणूक सभेत जिंकली जात नाही, तेरवीत जिंकली जाते. माणूस गेला की तेराव्या दिवशी मांडव पडतो, पंगती उठतात, आणि माइकवरून श्रद्धांजली वाहायला पुढारी येतात. कोण आला, कोण नाही आला, हे घरचे लोक दुःखातही बघतात. सोयरे बघतात. गाव तर बघतंच. लग्नाला नाही गेलात तर माफी आहे. तेरवीला नाही गेलात तर त्या घराचं दार बंद.

आमचे साहेब तेरवीला जात नसत.

पूर्वी जायचे. बाईसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, होत्या तोवर दोघंही जायची. बाईसाहेब गेल्या, त्यांची तेरवी झाली, आणि त्यानंतर साहेबांनी तेरव्या बंद केल्या. बाईसाहेबांच्या तेरवीची सगळी व्यवस्था मीच केली होती. काय माणसं लोटली होती म्हणून सांगू. जळगाव जामोदपासून सुलतानपूरपर्यंतचे लोक, मंत्री, दोन्ही बाजूंचे पुढारी. गाड्या लावायला दोन शेतं मोकळी करून घ्यावी लागली. असा कार्यक्रम तालुक्यात पुन्हा झाला नाही, हे लोक अजून सांगतात.

मग साहेबांनी काय सुरू केलं? कुणाकडे मयत झाली की ते महिना-सव्वा महिना थांबायचे. हिंदूंच्या घरी तेरवी होऊन जायची, बौद्धांच्या घरी पुण्यानुमोदन होऊन जायचं, मुसलमानांच्या घरी चाळिसावा होऊन जायचा, मांडववाला बांबू घेऊन जायचा, पाहुणे आपापल्या गावी परतायचे. तेव्हा साहेब जायचे. हार नाही, फोटो नाही, मागे चार कार्यकर्ते नाहीत. मी जीपमध्येच बसायचं.

मी एकदा वैतागून विचारलं होतं, "साहेब, जायचंच आहे तर तेराव्याला काऊन नाही?"

"वॉर्डात पेशंटजवळ धा नातेवाईक उभे असले तर डॉक्टर काय करते?"

"काय करते?"

"त्यायले बाहेर काढते. तेरवीत मी अकरावा कायले होऊ?"

मी जीपमध्ये बसून मतांचा विचार करायचो. साहेब घरातून बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या हातात कॅरीबॅग असायची. तीत गोळ्यांची अर्धी पाकिटं, सिरपच्या बाटल्या, इन्सुलिन, मलमाच्या ट्यूब. गेलेल्या माणसाची उरलेली औषधं. ती साहेब प्रत्येक घरातून उचलून आणत आणि जीपच्या मागच्या कापडी पिशवीत टाकत. पिशवी भरली की दवाखान्याच्या कचऱ्यासोबत रवाना. जीपला कायम औषधाचा वास. "लोक कपडे देऊन टाकतात, खाट बाहेर काढतात," साहेब म्हणायचे, "गोळ्या मात्र कोणी फेकत नाही. फेकायले हात होत नाही. कोनाड्यात तशाच राहतात." मी म्हटलं, "आमदाराचं काम आहे का हे?" तर म्हणाले, "मग कोणाचं आहे, सांग."

गेल्या निवडणुकीच्या आधी टाकळीच्या सुधाकरभाऊंचे वडील वारले. सुधाकरभाऊ म्हणजे आमच्या भागातला मोठा माणूस. त्यांच्या शब्दावर नदीकाठची सगळी गावं मतदान करतात. तोवर ते आमचे होते. मी साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, साहेब, एवढी एक तेरवी. उभ्या उभ्या जाऊन या. पाच मिनिटं.

"महिन्यानं जाऊ."

"महिन्यानं निवडणूक आहे!"

"मग निवडणुकीत जाऊ. लोकाच्या घरी जायाले आचारसंहिता नाही."

तेरवीला विरोधी उमेदवार पहाटेपासून हजर होता. त्यानं बुंदीचं ताट हातात घेऊन पंगतीत वाढलं. ते बघून सुधाकरभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला तिथल्या माणसानं फोन करून सांगितलं. दोन दिवसांनी सुधाकरभाऊ विरोधकाच्या स्टेजवर दिसले. "ज्याला माझ्या बापाच्या तेरवीला यायला वेळ नाही, त्याला माझ्या गावात मतं मागायला वेळ कसा मिळते?" असं ते बोलले, आणि टाळ्या पडल्या. मी साहेबांना ते ऐकवलं. साहेब म्हणाले, "आवाज बसला आहे त्याचा. झोपत नसन तो."

मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होता, कार्यकर्त्यांनी चपला झिजवल्या होत्या, आणि या माणसाला काही पडलेलं नव्हतं.

प्रचाराचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला प्रचार बंद. तीनला आमची तालुक्याच्या गावी सांगता सभा, मैदान भरत आलेलं, आणि जेवण झाल्यावर साहेब म्हणतात, "सुभाष, जीप काढ. टाकळीले जाऊ. आज महिना झाला."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेब शांतपणे जीपमध्ये जाऊन बसले. शेवटी मीही बसलो. निदान त्यांना वेळेत परत आणता येईल, एवढाच विचार.

वाटेत नाक्यावर तपासणी पथकानं अडवलं. निवडणुकीचे दिवस, उमेदवाराची गाडी, मागे फुगलेली कापडी पिशवी. पथकातल्या अधिकाऱ्याचे डोळे चमकले. कॅमेरावाल्याला बोलावलं, पिशवी बॉनेटवर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्यांचा ढीग.

"मतदारांना गोळ्या वाटता का?" अधिकारी म्हणाला.

"वाटत नाही. गोळा करतो," साहेब म्हणाले. "मेलेल्या लोकायच्या आहेत."

अधिकाऱ्यानं हातातली पट्टी अशी काही टाकली की कॅमेऱ्यातही दिसलं असेल. मग त्यानं हात पँटला पुसले आणि जा म्हणून सांगितलं. साहेब जाता जाता त्याला म्हणाले, "जीभ दाखवा." माझं डोकं स्टिअरिंगवर आपटायचं तेवढं राहिलं, कारण स्टिअरिंग ड्रायव्हरकडे होतं.

टाकळीत सुधाकरभाऊ घरी नव्हते. ते विरोधकाच्या सभेत. घराला विरोधकाचा झेंडा. ओसरीवर त्यांची आई, अनसूयामाय, एकटीच बसलेली. साहेब चप्पल काढून आत गेले. मी थोडा वेळ जीपमध्ये काढला, घड्याळ बघितलं, मैदानावरून येणारे फोन घेतले, आणि मग पहिल्यांदाच नियम मोडून आत शिरलो. म्हटलं, आता ओढूनच आणावं.

आत काहीच चाललेलं नव्हतं. साहेब जमिनीवर बसले होते, समोर कोरा चहा. म्हातारीची जीभ बघून झालेली असावी. ते बारीक आवाजात विचारत होते आणि ती उत्तरं देत होती.

"भाकर खाता का?"

"खातो. चतकोर."

"झोपता कुठं?"

"तेथीच. त्यायच्या खाटेपाशी. खाट काढली पोरानं. मी तेथीच झोपतो."

"कोण येते बोलायले?"

"तेरवीपर्यंत लय लोक होते. पाय ठेवायले जागा नव्हती. आता सुनबाई शाळेत शिकवायले जाते, पोरगा त्या इलेक्शनमध्ये. घर खायाले उठते."

मग ती उठून आत गेली आणि प्लास्टिकचा डबा घेऊन आली. झाकण उघडून साहेबांसमोर धरला. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, वेगवेगळ्या रबरांनी बांधलेल्या. "इतकी वर्षं मीच देऊन राह्यली होती त्यायले. अजूनबी सकाळी चहा झाला की हात डब्यावर जाते. मग कळते."

"माह्यापाशी द्या," साहेब म्हणाले.

तिनं डबा लगेच दिला नाही. मांडीवर घेतला, झाकण लावलं, पदरानं पुसला. साहेबांनी घाई केली नाही. मला बाहेर जीपमध्ये फोन वाजत असलेला ऐकू येत होता, तो मी घ्यायला गेलो नाही. बऱ्याच वेळानं तिनं डबा पुढे केला. साहेब बाहेर येताना म्हणाले, "फॉलो-अपले येतो."

सभेला पोचलो तेव्हा लोक चटया झाडत होते. माइकवाला वायर गुंडाळत होता. साहेबांनी त्याला विचारलं, तुझा खोकला कसा आहे.

आम्ही पडलो. नदीकाठच्या गावांनीच पाडलं. निकालाच्या दिवशी साहेबांचं घर माणसांनी भरून गेलं होतं. लोक आले, गळ्यात पडले, कुणी रडलं, कुणी मतदान यंत्रांना शिव्या दिल्या, पुढच्या वेळी बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी कमी आले. आठवडाभरात अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लागल्या. ज्या घरात मला चप्पल ठेवायला जागा मिळत नसे तिथं माझीच एक जोडी असायची. मला आता पगार नव्हता, पीएचं काम नव्हतं, तरी मी सकाळी दहाला तिथं जाऊन बसायचो. का जायचो ते मला विचारू नका. साहेब दवाखान्यात चार पेशंट बघायचे, घरी यायचे, पेपर वाचायचे. माझ्याशी फारसं बोलत नसत. माझीही बोलायची इच्छा नसे. मी रागावलेलोच होतो.

असाच महिना गेला. एका सकाळी दारात अनसूयामाय उभी. टाकळीहून एसटीनं आली होती, एकटीच. डोक्यावर ऊन, खांद्याला पिशवी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

मला वाटलं, काही काम असेल. मुलाची चूक पदरात घ्या म्हणायला आली असेल. मी म्हटलं, "माय, साहेब आता आमदार नाहीत."

"मले मालूम आहे," ती म्हणाली आणि आत शिरली.

साहेब पेपर ठेवून उठले. "काय झालं माय? पाय सुजले का?"

"बसा," म्हातारी म्हणाली. "मले काही नाही झालं." साहेब बसले. म्हातारी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, श्वास घेतला, आणि म्हणाली, "जीभ दाखवा."

सगळ्या मतदारसंघाच्या जिभा बघितलेला माणूस. तो गोंधळला. माझ्याकडे बघितलं. मग त्यानं मुकाट जीभ बाहेर काढली. म्हातारीला त्यातलं काय कळणार? पण तिनं मान कलवून नीट बघितली.

"भाकर खाता का?"

"खातो."

"काय खातात हो," मी मध्ये बोललो, "सकाळी ब्रेड, रात्री ब्रेड. स्वयंपाकीण सोडून गेली, तर दुसरी लावत नाहीत."

"झोपता कुठं?"

साहेबांनी बोटानं सोफा दाखवला. हे मलाही ठाऊक नव्हतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, मला वाटायचं तिथं झोपत असतील.

"कोण येते बोलायले?"

साहेबांनी ठेवलेला पेपर उचलून त्याची घडी घातली. उत्तर मला देता आलं असतं, पण मी अंगणातल्या खुर्च्यांकडे बघितलं.

म्हातारी उठली. "चहा मांडतो," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं तिच्या मागे. साखर शोधताना तिची नजर फ्रिजवर गेली. फ्रिजवर एक गोल स्टीलचा डबा होता. मी तो डबा वर्षानुवर्षं बघत आलो होतो आणि त्यात काय असेल असा विचार मला कधी शिवला नव्हता. म्हातारीनं टाचा उंचावून तो खाली घेतला आणि झाकण उघडलं.

गोळ्या होत्या. सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. काही पट्ट्यांवरची अक्षरं पुसून गेलेली. एका पट्टीतून एकच गोळी काढलेली, बाकी सगळी तशीच.

"कोणाच्या आहेत?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. मला तेव्हा उमगलं. मी म्हटलं, "बाईसाहेबांच्या."

बाईसाहेबांना जाऊन किती तरी वर्षं झाली होती. तेवढ्या काळात या माणसानं तालुक्यातल्या घराघरातून पिशव्या भरून औषधं बाहेर काढली होती. त्याच्या घरी मात्र कुणी महिन्यानं आलं नव्हतं. तेरवीला आलो होतो आम्ही सगळे. दोन शेतं भरून आलो होतो.

म्हातारीनं झाकण लावलं आणि डबा कमरेवर घेतला. "माह्यापाशी द्या," ती म्हणाली.

साहेबांचा हात पुढे आला. मला वाटलं, परत घेतात की काय. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. म्हातारी हलली नाही. गॅसवर पाणी उकळून आटायला लागलं तसा मी गॅस बारीक केला.

"उघड्यावर टाकजा नोका," शेवटी साहेब म्हणाले. "जनावरं खातात."

"हाव. मालूम आहे मले."

त्यांनी हात काढला.

चहा झाला. म्हातारीनं डबा पिशवीत घातला, पिशवीचं तोंड बांधलं. मी तिला स्टँडवर सोडायला निघालो तर म्हणाली, "तू बस त्यायच्यापाशी. मी जाईन." पायऱ्या उतरताना वळून साहेबांना म्हणाली, "फॉलो-अपले येतो." तो शब्द तिनं अगदी साहेबांसारखाच उच्चारला.

मी आत आलो. साहेब फ्रिजसमोर उभे होते. वरती सगळीकडे धूळ आणि मध्ये डब्याएवढा एक स्वच्छ गोल. साहेबांनी फडकं घेतलं, पण पुसलं नाही. इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. जीप काढ, इंजिनिअरला बोलाव, पाणी पी. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "सुभाष, आता तिथं काय ठेवू बे?"

मला गलबलून आलं, आणि त्याचाही थोडा रागच आला. टेबलावर म्हातारीनं आणलेलं फडकं होतं. मी सोडून बघितलं, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. मी ते परत बांधलं आणि फ्रिजवर त्या गोलात ठेवलं.

"दुपारी दोघं जेवू," मी म्हटलं. "मी इथंच आहे."